आमचं टायमिंग

आमचं गाव भातकुली. अमरावतीहून जवळ. इतकं जवळ की तिथली मंडळी आम्हाला गावठी समजतात, आणि इतकं लांब की शेवटची गाडी चुकली की ते बरोबरच आहे असं आम्हालाही वाटतं. गावात जैनांचं जुनं, प्रसिद्ध मंदिर आहे, खाली काळी माती आहे आणि विहिरीला खारं पाणी आहे. आणि या सगळ्याच्या वर आमच्या गावाला एक पौराणिक परंपराही आहे.

रुक्मिणीला कृष्णानं रथात घालून नेलं तेव्हा तिचा भाऊ रुक्मी, 'बहिणीला सोडवून आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही,' अशी प्रतिज्ञा करून मागे धावला. हरला. कृष्णानं त्याच्या दाढीमिशा भादरून त्याला सोडून दिलं. तशा अवतारात घरी कसा जाणार? मग त्यानं वाटेतच नवं गाव वसवलं, त्याचं नाव भोजकट. हे भोजकट म्हणजेच आपली भातकुली, असं आमच्याकडे सांगतात. आता बघा, ज्या गावाची स्थापनाच उशिरा निघालेल्या माणसानं केली, त्या गावच्या माणसानं बँकेत दहाच्या ठोक्याला हजर राहावं अशी अपेक्षा करणं किती अन्यायाचं आहे! हा मुद्दा मी आमच्या शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवणार होतो. पण अर्ज द्यायलाही उशीर झाला.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम. वय पंचेचाळीस. उशीर हा माझा स्थायीभाव. आणि माझे वडील, म्हणजे निवृत्त गुरुजी, वय एकोणऐंशी, हे याच्या नेमके उलट. बडनेऱ्याहून नऊची रेल्वे असली की आम्ही सातला फलाटावर. लग्नाला आम्ही इतके लवकर जायचो की मांडववाला आम्हाला खांब धरायला लावायचा. लहानपणी मला वाटायचं, अक्षता म्हणजे वर-वधू यायच्या आधी तीन तास मुठीत धरून बसायची वस्तू.

या घरात तिसरा सदस्य आहे तो म्हणजे आमची गाडी. प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल. शेठ वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची अकराशे नंबरची गाडी बनवायला घेतली, तिचंच नाव सत्तरच्या दशकात पद्मिनी झालं. पण आमच्या गावात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही. ती 'गुरुजीची फेट'. बाबांनी ती १९९२ साली अमरावतीच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. चार सिलिंडर, १०८९ सी.सी., गिअरची दांडी स्टिअरिंगला. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. आमची अजून चालते, तर शेजारी म्हणतात, "विकून का टाकत नाही?" २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला सरकार 'व्हिंटेज' म्हणतं. म्हणजे तिला नऊ-एक वर्षं अवकाश आहे. माणसाला पन्नास झाली तर मात्र सरकार काहीच म्हणत नाही.

तर गेल्या दिवाळीत बाबा म्हणाले, "बाबू, एकदा चिखलदऱ्याला जाऊन येऊ. आपल्या गाडीनं."

बाबांनी माझ्याकडे आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्या. त्यातल्या बहुतेक वेळेवर देणं मला जमलं नाही. म्हणून मी लगेच हो म्हणालो. चिखलदरा भातकुलीहून शंभरेक किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर. अकराशे नंबरची गाडी, अकराशे मीटरचा घाट. हिशेब जुळला. बी. कॉम. माणसाला आणखी काय हवं?

पण तालीम म्हणून गाडी परतवाड्याच्या रस्त्याला नेली, तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनातून आवाज यायला लागला. कसा? डालड्याच्या डब्यात कोणी चार खडे घालून हलवावेत तसा. सपाटीवर बरं चाले, पण जरा चढ आला, पाय जरा दाबला की 'खळखळखळ'. पूर्वी असं काही झालं की बाबा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखे ऐकत आणि दोन मिनिटांत निदान करत. पण आता त्यांना कमी ऐकू येतं. 'गाडी ठोकते आहे' हे मी त्यांना तीनदा ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "कोणाला ठोकलं?"

शेवटी मीच मनावर घेतलं. बाबांच्या कपाटात गाडीचं जुनं पुस्तक होतं. ते मी बँकेच्या बढतीच्या परीक्षेसारखं वाचलं, म्हणजे आदल्या रात्री.

वाचकहो, पुस्तकातून मला कळलं ते साधारण असं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडताच पेटत नाही. म्हणजे पेटायला सुरुवात होते, पण पूर्ण पेटायला थोडा वेळ लागतो. आमच्या बँकेत कर्जाचा अर्ज मंजूर व्हायला लागतो तसा. हा वेळ अगदी थोडा, समजा सेकंदाचे दोन हजारांश. आता गाडी उभी राहून गुरगुरत असेल, मिनिटाला साडेसातशे फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात इंजिनाचा दांडा फिरतो ९ अंश. तीच गाडी तीन हजार फेऱ्यांवर पळत असेल तर त्याच वेळात तो फिरतो ३६ अंश. पेटायला लागणारा वेळ जवळपास तोच, पण पिस्टन मात्र चौपट घाईत! म्हणून गाडी जितकी जोरात, तितकी ठिणगी आधी पडली पाहिजे. उशिरा पडली तर पिस्टन आपला खाली निघून जातो आणि स्फोटाचा जोर वाया जातो. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या तोंडावरच रट्टा बसतो.

ही ठिणगी केव्हा टाकायची हे ठरवणारं यंत्र म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याची बॉडी जरा सैल करून फिरवली की ठिणगीची वेळ पुढेमागे होते. याला म्हणतात टायमिंग करणं. एवढं सोपं! मी मनात म्हटलं, बाबांनी यासाठी तीस वर्षं उगीच कान खर्च केले.

रविवारी सकाळी मी अंगणात बनियनवर उतरलो. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी ठेवायची, ती पत्तीनं मोजून ठेवली. एक छोटा बल्ब जोडला. पॉइंट उघडताक्षणी तो लागतो, म्हणजे ठिणगीची वेळ डोळ्यांना दिसते. पुस्तकात दिलेले अंश कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजले आणि डिस्ट्रिब्युटर तेवढा फिरवला. कोनमापक चिरंजीवांचा. ते म्हणाले, "बाबा, त्याला ग्रीस लागलं तर सर मारतील." मी म्हणालो, "तुझ्या सरांना सांग, बाप इंजिनाचं गणित सोडवतो आहे."

गणितात मात्र एक गोची होती. पुस्तकातले अंश असतात इंजिनाच्या दांड्याचे. आणि डिस्ट्रिब्युटर फिरतो त्याच्या निम्म्या वेगानं. दांड्याचे दहा अंश म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे पाच. मी सगळेच्या सगळे अंश डिस्ट्रिब्युटरला देऊन मोकळा झालो. एकच रक्कम दोनदा जमा करावी तसं. फरक एवढाच की बँकेत अशी चूक संध्याकाळी कॅश जुळवताना कळते, इथं ताबडतोब कळली. किल्ली फिरवली आणि स्टार्टर अर्ध्या वळशात असा काही उलटा हिसका देऊन थांबला की गाडीच्या टपावर बसलेली मांजर थेट पेरूच्या झाडावर गेली.

त्या हिसक्याचं महत्त्व मला नंतर कळलं. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी निघाली, तिच्या स्टिअरिंगखाली ठिणगी पुढेमागे करायची एक दांडीच असायची. ठिणगी पुढे ठेवून हँडल मारलं की हँडल उलटं फिरे आणि ड्रायव्हरचं मनगट मोडे. आमच्या वेळी मांजरावरच निभावलं.

मग मी टायमिंग मागे घेतलं. खळखळ थांबेपर्यंत मागे, मागे, आणखी मागे. खळखळ थांबली. मी विजयी मुद्रेनं गाडी घेऊन अमरावतीला निघालो. पण आता गाडी मुळी ओढेचना. तिसऱ्या गिअरमध्ये कण्हायला लागली, तापमानाचा काटा वर, आणि राजापेठेत एका वरातीच्या मागे मी पाय उचलला तेव्हा सायलेन्सरमधून असा बार निघाला की नवरदेवाची घोडी उधळली आणि बँडवाल्यांनी ताल सोडला. वधूपक्षाला वाटलं, वरपक्षाचे फटाके. वरपक्षाला वाटलं, वधूपक्षाचे. मी कोणत्याच पक्षाचा नव्हतो, म्हणून वाचलो.

आता मिस्त्रीला पर्याय नव्हता. आमच्याकडचा मिस्त्री बाबांचा विद्यार्थी. चौथीत बाबांनी त्याला दोनदा नापास केलं. त्याचा राग न धरता तो आमच्या गाडीला हात लावतो, यावरून त्याचं मन केवढं मोठं ते कळावं. आला, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "काहून सायेब, हिच्या डेल्कोले कोनं हात लावला?"

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. मला वाटायचं हा आपला वऱ्हाडी शब्द असेल, 'ढेकूळ'च्या जातीचा. पण नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या गृहस्थानं ही पॉइंट-कॉइलची पद्धत बसवली, १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली, आणि त्याच्या कंपनीचं आद्याक्षरी नाव होतं डेल्को. त्या ओहायोतल्या कंपनीचं नाव आमच्या मिस्त्रीच्या तोंडी टिकलं आहे. माझ्या आजोबांचं नाव गावात कोणाला ठाऊक नाही.

"मीच लावला," मी म्हणालो. "पुस्तक पाहून."

"पुस्तकातलं पेट्रोल हाय का आता कुठी?" हे मात्र खरं होतं. पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं, आता इथेनॉल मिसळतात. पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही ते नव्हतं. "अन् तुमी टायमिंग मांगं नेलं म्हनून ठोकनं बंद झालं. पन आजार तं तसाच हाय ना! ताप आला तं कपायावर पट्टी ठेवली, अन् म्हन्ता ताप गेला."

मग त्यानं झाकण काढलं, रोटर काढला, पॉइंटची प्लेट उचलली. खाली मी कधी पाहिलं नव्हतं ते होतं: बोटभर आकाराची दोन वजनं आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन नाजूक स्प्रिंगा.

"हे पाहा," तो म्हणाला. "तुमच्या वावरातल्या जुन्या इंजिनाचे गोये पाह्यले ना तुमी? इंजिन पयालं का गोये भायेर फेकल्या जातात. तसंच हाय हे. इंजिन जोरानं पयालं का हे वजनं भायेर जातात अन् करंट आंगं नेतात. हयू चाललं का स्प्रिंगा त्याईले आत ओढतात. बॉडी फिरवून कितीबी टायमिंग करा, हे काम स्प्रिंगचं हाय."

आणि माझ्या डोक्यात, पहिल्यांदाच, वाणिज्य शाखेचा प्रकाश पडला. मी बॉडी फिरवून बदलत होतो ती सुरुवातीची शिल्लक. चुकलेला होता तो व्याजाचा दर! स्प्रिंग ढिली पडली की वजनं वेळेआधी बाहेर पडतात, गाडी अजून हळूच चढते आहे तर ठिणगी मात्र पळत्या गाडीची. म्हणून चढावर खळखळ. शिल्लक कमी करून व्याजाचा दर सुधारत नाही. एवढं मला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. बहुधा त्या तासाला मी उशिरा पोचलो असेन.

मिस्त्रीनं चिमट्यानं एक स्प्रिंग काढली, उन्हात धरली आणि हसायला लागला. "सायेब, हे तं पेनाची स्प्रिंग हाय!"

खरंच होती. बॉलपेनातली. दोन्ही टोकं वळवून आकडे केलेले. गंजून एका बाजूला तुटायला आलेली. असला जुगाड कोणत्या महाभागानं केला म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्यावर खुर्चीत बसलेल्या बाबांनी हात पुढे केला. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"लाल पेनाची आहे," ते म्हणाले. "तुझ्या बँकेच्या परीक्षेचा दिवस. तळेगावच्या पुढे मूळची तुटली."

२००४ साल. परीक्षा नागपूरला होती. मी मागच्या सीटवर सामान्यज्ञान पाठ करत होतो. वाटेत गाडी थांबली होती ते मला आठवलं. बाबा म्हणाले होते, "रेडिएटरमध्ये पाणी टाकतो, तू वाच." मी वाचत राहिलो. पाऊण तास पाणी टाकायला एवढं काय असतं, हा प्रश्न सामान्यज्ञानात नव्हता. आम्ही नागपूरला पोचलो तेव्हाही पेपरला वेळ होता, कारण घरून आम्ही पहाटे साडेतीनला निघालो होतो आणि मी वाटभर त्याबद्दल कुरकुर करत होतो.

"मग वीस वर्षं बदलली का नाही?" मी ओरडून विचारलं.

"चालत होती ना. चढावर जरा ठोकायची, म्हणून टायमिंग थोडं मागे ठेवायचो. गाडी हळू व्हायची. मग आपणच लवकर निघायचं. त्यात काय?"

मिस्त्री पाना पुसत उभा होता, तो एकाएकी फारच मन लावून पुसायला लागला. मी काही बोललो नाही. बोललो असतो तरी बाबांना ऐकू आलं नसतं, ही एक सोय होती. गावातली पोरं आमच्या गाडीला 'गुरुजीचा छकडा' म्हणायची आणि मला त्याची लाज वाटायची. त्या छकड्याच्या हळूपणावर माझी नोकरी उभी होती, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्याकडे सगळंच उशिरा कळतं, गावगुणच आहे.

जुन्या डेल्कोची स्प्रिंगांची जोडी मिस्त्रीनं अमरावतीत भंगारातून शोधून आणली. एक जरा नरम, एक जरा कडक. दोन्ही सारख्या घ्यायच्या नसतात, असं तो म्हणाला. नरम स्प्रिंग सुरुवातीला सोडते, कडक पुढे आवरते. घरात आई आणि बाबा असतात तसं. वजनांच्या खिळ्यांवर तेलाचा एकेक थेंब, प्लेट, पॉइंट, रोटर, झाकण. बल्ब लावून टायमिंग केलं, या वेळी निम्मे अंश. मग मिस्त्री म्हणाला, "आता गुरुजीले इचारा."

"त्यांना ऐकू कुठं येतं?"

बाबा उठले. बॉनेटच्या कडेवर त्यांनी तळहात टेकवला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं खुणावलं: थोडं पुढे. मिस्त्रीनं केसभर फिरवलं. थोडं मागे. बस्स. मी आवाज ऐकला. इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. चौथीत नापास झालेल्या त्या पोराला बाबांनी मानेनं उत्तीर्ण केलं.

ठरल्या दिवशी पहाटे पाचला निघायचं होतं. आणि चमत्कार असा की मी पावणेपाचला तयार होतो! गाडी अंगणात गुरगुरत होती. आणि बाबा बूट घालत होते. एक बूट. मग नाडी. मग काठी. मग चष्म्याचं घर. मग, "रेडिएटरला गोड्या पाण्याचा डबा घेतला का? वाटेतलं खारं पाणी टाकू नको." पाच वाजले. सव्वापाच. मी हॉर्न दिला. आणखी एक दिला. सौ. दारातून म्हणाली, "अहो, किती घाई करता त्यांना! त्यांचे हातच थरथरायला लागले बघा."

खरंच थरथरत होते. नाडीची गाठ सुटत होती. आणि मला तो डालड्याच्या डब्यातला आवाज ऐकू आला. गाडीतून नव्हे. गाडी छान चालत होती. आयुष्यभर तीन हजार फेऱ्यांवर पळालेला माणूस आता साडेसातशेवर आला होता आणि मी ठिणगी टाकत होतो जुन्याच वेगाची. दोष वजनांचा नव्हता, माझी स्प्रिंग ढिली होती.

मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "सावकाश होऊ द्या." ते म्हणाले, "उशीर झाला वाटतं?" मी म्हणालो, "अजून खूप वेळ आहे." हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलो. खरं ठरण्याची ही पहिलीच वेळ.

पावणेसहाला निघालो. परतवाडा मागे पडला, घाट सुरू झाला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत राहिली. तुरुतुरु नाही, पण कुठं कण्हणं नाही, खळखळ नाही. मागून आलेल्या चकचकीत गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. एकीतलं पोर काचेतून बोट दाखवून हसलं. मीही हसलो. बाबांचा डावा तळहात सगळा घाटभर डॅशबोर्डवर टेकलेला होता. ते गाडी 'ऐकत' होते. देवी पॉइंटच्या पाटीशी त्यांनी हात उचलला, म्हणजे पेपर तपासून झाला.

वर पोचलो तर सगळीकडे धुकं. चहाची टपरी बंद. टपरीवाला शाल पांघरून फळीवर झोपलेला. बाबांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फार वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, परीक्षेच्या हॉलबाहेरचं समाधान दिसलं.

"बघ," ते म्हणाले, "लवकर आलो की नाही?"

त्या टपरीवाल्याला उठवायला मला अर्धा तास लागला. चूल पेटवता पेटवता तो पुटपुटला, "कोठून येतात हो हे लोक एवढ्या पहाटे?"

मी अभिमानानं सांगितलं, "भातकुलीहून."